सिरॅमाइडचं क्रीम आणि टर्नरचे हात: सहा महिन्यांनंतर

उद्यमबागेत लेथवर 19 वर्षं झाली. दिवसभर हात कूलंटमध्ये (धातू कापताना सोडतात ते थंडाव्याचं पाणी), आणि सुट्टी झाली की कपड्याच्या पावडरीनं खसाखसा धुणं. बेळगावात दिवाळीनंतर गार वारा सुटला की माझ्या अंगठ्याच्या पेरांना उभ्या भेगा पडतात. शर्टाचं बटण लावताना डोळ्यांत पाणी येतं. ऑक्टोबरात मुलीनं सिरॅमाइडचं, म्हणजे कातडीतल्याच एका स्निग्ध पदार्थाचं, क्रीम आणलं. ट्यूब साडेचारशेची! हिनं किंमत बघून कपाळाला हात लावला.

पहिला महिना फुकट गेला. मुलगी बी.फार्म.ला आहे, ती वैतागून म्हणाली, "पप्पा, रोज रात्री विटांच्या सांध्यांत दर्जा भरताय आणि रोज संध्याकाळी उकरून काढताय."

मग तिनं नीट सांगितलं. कातडीच्या सगळ्यात वरच्या थरात मेलेल्या पेशी विटांसारख्या रचलेल्या असतात आणि मधे स्निग्ध दर्जा. त्यात वजनानं निम्म्याच्या आसपास सिरॅमाइड, बाकी कोलेस्टेरॉल आणि फॅटी ॲसिडं. त्यामुळे आतलं पाणी उडून जात नाही. हे सिरॅमाइड कातडी स्वतःच बनवते, पण बनवणाऱ्या एन्झाइमला किंचित आंबटपणा लागतो. पावडर पडली अल्कलीवाली. म्हणजे असलेला दर्जा धुऊन जाणार आणि नवा बनायलाही खोळंबा.

पावडर बंद केली. आता आधी चमचाभर गोडं तेल चोळून चिंधीनं काळं काढतो, मग सौम्य लिक्विड, आणि हात ओलसर असतानाच क्रीम. तीन आठवड्यांत अंगठे मिटले. उजव्या तर्जनीवर चकची (लेथवर जॉब पकडतो त्याची) चावी टेकते तिथली एक भेग मात्र अजून हटत नाही.

ट्यूबवर सिरॅमाइड मोठ्या अक्षरांत आहे, पण घटकांच्या यादीत, जिथे जास्त असलेलं आधी लिहितात, ते फिनॉक्सीएथेनॉलच्याही खाली. ते प्रिझर्व्हेटिव्ह एक टक्क्याहून जास्त घालत नाहीत, म्हणजे सिरॅमाइड एक टक्क्याच्या आतच. ग्लिसरीन वरच आहे, त्यामुळे निम्मं श्रेय त्याचं असावं असा माझा संशय. घेताना कोलेस्टेरॉल आणि फॅटी ॲसिडही यादीत आहेत का बघा. बिघडलेल्या कातडीवर नुसतं सिरॅमाइड लावलं तर दुरुस्ती उलट रेंगाळते.

टाचांना मी अजून जांबोटीच्या मामींनी दिलेलं कोकमाचं मुठेलच (बियांच्या तेलाचा घट्ट गोळा) लावतो. त्यात स्टिअरिक आणि ओलेइक ॲसिडाची चरबी असते. वरून झाकण बसतं, टाचांना तेवढं पुरतं.

क्रीम कामावर लावू नका, मायक्रोमीटर हातातून निसटतो. आणि दुसऱ्या ट्यूबच्या झाकणाचे आटे आठवड्यात गेले. टर्नरच्या घरात ट्यूबला रबरबँड!