कॉइलओव्हर टाकले, मागची चाकं आत झुकली: फॅक्टरी बोल्ट की ॲडजस्टेबल आर्म?

एका मित्राने कॉइलओव्हर (उंची कमी-जास्त करता येणारे स्प्रिंग-शॉकअप) टाकून स्कोडा लॉरा खाली बसवली आणि आता मागचे टायर आतून घासतायत, तर लांबी बदलता येणारे (ॲडजस्टेबल) आर्म घ्यावेत का असं विचारत होता. मी म्हटलं थांब जरा. या गाडीला मागे मल्टीलिंक सस्पेन्शन आहे, म्हणजे प्रत्येक चाक वेगवेगळ्या आर्मनी (दांड्यांनी) धरलेलं, आणि वरच्या आर्मच्या आतल्या टोकाला कंपनीनेच एक्सेंट्रिक (मध्य सरकवलेला) बोल्ट दिलाय, तो फिरवून कॅम्बर, म्हणजे चाकाचा वरून आत-बाहेर झुकाव, बदलतो.

खर्च बघितला तर बोल्टला फक्त अलाइनमेंटचे पैसे, पण बोल्ट गंजून बुशच्या (सांध्यातल्या रबराच्या) आतल्या नळीत जाम झाला असेल, आपल्याकडच्या पावसात होतोच, तर मेकॅनिक तो कापणार आणि नवीन बोल्ट-बुश घालावे लागणार. शिवाय त्याची रेंज मर्यादित. गाडी थोडीच खाली असेल तर निभतं, जास्त खाली घेतली की बोल्ट पूर्ण फिरवूनही कॅम्बर जास्तच राहतो.

आर्म महाग, पण रेंज भरपूर. फक्त मेटल जॉइंटवाले घेऊ नका, धूळ-चिखल गेला की खडखडतात. रबर बुशवाले बरे. आणि आर्मची लांबी पक्की धरणारा लॉकनट अधूनमधून तपासा.

दोन्हीत टो (वरून पाहिल्यावर चाकं पुढून आत-बाहेर वळलेली असण्याचा कोन) परत सेट करायलाच हवा, कारण टायर कॅम्बरपेक्षा टो लवकर खातो, हे लोक विसरतात!

रोजची गाडी, थोडीच खाली असेल तर बोल्टच. खूप खाली किंवा ट्रॅकवर नेणार असाल तर आर्म. स्विफ्ट-पोलोवाल्यांनो, तुमच्याकडे मागे बीम (दोन्ही चाकं जोडणारा एकच आडवा दांडा) आहे, यातलं काहीच लागू होत नाही.