टाँग टेस्टर बरेच महिने वापरल्यावर: व्होल्ट-अँपिअरवरून ओहम आणि वॅट काढायचा अनुभव

एसी-डीसी दोन्ही मोजणारा ट्रू आरएमएस (म्हणजे एसीची वेव्ह वेडीवाकडी असली तरी बरोबर रीडिंग देणारा) टाँग टेस्टर, म्हणजे वायरभोवती जबडा अडकवून करंट मोजायचा क्लॅम्प मीटर, बरेच महिने वापरतोय, जवळजवळ रोज हातात असतो म्हणून जरा सविस्तर लिहितो. यात वॅटचं रीडिंग येत नाही. व्होल्ट आणि अँपिअर मोजायचे आणि पुढचं गणित आपण करायचं, भागाकार केला की ओहम, गुणाकार केला की वॅट, बस. पण ही दोन रीडिंग लोड, म्हणजे जोडलेलं उपकरण, चालू असताना एकाच वेळी घेतली ना, की त्यातून जे कळतं ते नुसत्या ओहम रेंजवर कधीच कळत नाही.

साधा फिलामेंटचा बल्ब घ्या, 230 व्होल्ट 100 वॅटचा. हिशोबाने 529 ओहम यायला हवेत, पण बंद बल्बला प्रोब लावले तर त्याच्या दहाव्या हिश्श्याहूनही कमी दिसतात. मीटर बरोबरच आहे, टंगस्टन तापलं की रेझिस्टन्स कैक पटीने वाढतो एवढंच. हीटरच्या नायक्रोमच्या कॉइलमध्ये मात्र थंड-गरम फरक फार थोडा.

सगळ्यात जास्त उपयोग झाला तो 2000 वॅटच्या हीटरला. हीटर बंद असताना बोर्डवर 231 व्होल्ट, चालू केला की 219, आणि करंट 8.3 अँपिअर. म्हणजे कॉइल 26.4 ओहम, अगदी ठणठणीत, पण पॉवर मिळतेय 1818 वॅट. मग मधले 12 व्होल्ट गेले कुठे? 12 भागिले 8.3 म्हणजे जवळपास दीड ओहम वाटेत कुठेतरी बसलाय आणि 12 गुणिले 8.3 म्हणजे साधारण 100 वॅट तिथेच उष्णता होऊन जातायत!! मेन स्विच बंद करून बोर्ड उघडला तर टर्मिनलचा स्क्रू ढिला आणि वायरचं इन्सुलेशन काळं पडलेलं. वायरचं टोक कापून नवीन सोललं, स्क्रू आवळला, परत मोजलं तर 227 व्होल्ट, 8.6 अँपिअर. वाटेतला लॉस 34 वॅटवर आला. असा लूज कॉन्टॅक्ट आग लावू शकतो हो, आणि नुसत्या व्होल्टेजवर, लोड नसताना, तो दिसतच नाही.

जबड्यात एकच वायर घ्यायची हे नवीन लोकांना आवर्जून सांगतो, फेज आणि न्यूट्रल दोन्ही एकत्र घेतल्या तर रीडिंग शून्य येतं. करंट फार कमी असेल तर तीच वायर जबड्यातून 10 वेढे देऊन घ्यायची आणि रीडिंगला 10 ने भागायचं, छान अचूक येतं. डीसीला दर वेळी आधी झिरो बटण दाबावंच लागतं, नाहीतर मोकळ्या जबड्यातही थोडा करंट दाखवतो.

न आवडलेलं म्हणजे ऑटो ऑफ, ऐन लोड टेस्टच्या मधेच स्क्रीन जाते. आणि पंखा, मोटर, एलईडी यांना व्होल्ट गुणिले अँपिअर केलं की येतात ते व्हीए (व्होल्ट-अँपिअर), खरे वॅट त्याहून कमी असतात, कारण मधे पॉवर फॅक्टर, म्हणजे खरे वॅट आणि व्हीए यांचं गुणोत्तर, येतो. ज्यांचं काम मुख्यतः मोटरचं आहे त्यांनी थोडे पैसे जास्त घालून सरळ पॉवर फॅक्टर दाखवणारं मॉडेलच घ्यावं, हीटर, गीझर, इस्त्री आणि वायरिंग तपासायला मात्र हाच पुरतो.