पंपिंग कमी आणि ठोके अनियमित: वेग आवरावा की ताल परत आणावा?

माझ्या वडिलांचं पंपिंग ३० टक्क्यांवर आलं, त्यातच ईसीजीत एट्रियल फिब्रिलेशन, म्हणजे ठोक्यांचा अनियमित ताल, निघालं. सोलापुरात आज कुणाच्या घरी हाच प्रश्न असेल, तर त्यांच्यासाठी हे लिहितेय.

हृदयाचे वरचे कप्पे नुसते थरथरू लागले की खालचे कप्पे भरणारा शेवटचा रेटा नाहीसा होतो. धडधाकट माणूस ते निभावून नेतो. पंपिंग कमी असलेल्याला मात्र धाप लागते, पाय सुजतात, पुन्हा पुन्हा दवाखान्यात भरती व्हावं लागतं. जिवाचा धोकाही वाढतो.

एक वाट ठोक्यांचा वेग आवरण्याची: त्यासाठी बीटा ब्लॉकर गोळ्या, गरज पडली तर डिगॉक्सिन हे औषध. खर्च कमी, गावातल्या गावात जमतं. डिगॉक्सिन असेल तर किडनी आणि पोटॅशियम तपासत राहायचं.

दुसरी वाट ताल परत आणण्याची. त्यासाठी बहुधा अमिओडॅरोनची गोळी. २००८ साली १,३७६ रुग्णांवरचा अभ्यास आला: हृदयामुळे झालेले मृत्यू ताल राखणाऱ्यांत २७ टक्के, वेग आवरणाऱ्यांत २५. म्हणजे गोळीने ताल राखून आयुष्य वाढलं नाही. शिवाय थायरॉईड, फुप्फुसं, लिव्हर यांवर नजर ठेवावी लागते, आणि या गोळीवर असताना आपल्याकडचं ऊन कातडीला फार बाधतं.

ताल परत आणण्याचाच दुसरा उपाय म्हणजे अब्लेशन: शिरेतून नळी नेऊन हृदयातल्या ताल बिघडवणाऱ्या जागा निकामी करायच्या. त्याची गोष्ट वेगळी. २०१८ च्या कॅसल-एएफ अभ्यासात ३६३ रुग्ण होते. मृत्यू किंवा हार्ट फेल्युअरसाठी (हृदयाचं पंपिंग कमी पडल्यामुळे) भरती हे अब्लेशन झालेल्यांत २८.५ टक्के, औषधांवरच्यांत ४४.६. पण ते निवडक रुग्ण होते, सगळ्यांना आधीच डिफिब्रिलेटर (घातक ताल झटका देऊन थांबवणारं यंत्र) बसवलेला. प्रक्रियेत हृदयाभोवती रक्त साचण्याचा, पक्षाघाताचा थोडा धोका असतो. कधी ती पुन्हाही करावी लागते.

माझं मत: पंपिंग कमी, ताल अलीकडेच बिघडलेला आणि डावा वरचा कप्पा फार फुगलेला नसेल, तर अब्लेशनबद्दल विचारल्याशिवाय राहू नका. वय फार, इतर आजार बरेच आणि वेग आवरल्यावर त्रास नाही, तर पहिली वाट बरी.

रक्त पातळ करणारी गोळी दोन्हीकडे लागतेच. ताल जागेवर आला म्हणून ती मनानं बंद करू नका. ती गोळी वॉरफरिन असेल तर मेथी-पालक सोडायची गरज नाही, प्रमाण एकसारखं ठेवा. वॉरफरिनला अमिओडॅरोन जोडली की आयएनआर (रक्त किती पातळ झालंय हे सांगणारी तपासणी) लवकर तपासा. शेंगाचटणीत मीठ किती पडतं तेही बघा. मे महिन्यात पाणी किती प्यायचं आणि लघवीच्या गोळीचा डोस किती, हे डॉक्टरांकडून आधीच ठरवून घ्या.

आम्ही दुसरं मत घ्यायला पुण्याला निघालोय. फाईलमध्ये जुने ईसीजी, इको आणि रोज सकाळच्या वजनाची वही आहे.