नल मूव्ह, अल्फा-बीटा आणि बाबा: आठ महिन्यांनंतर

घरी लिहिलेल्या बुद्धिबळाच्या इंजिनात, म्हणजे बुद्धिबळ खेळणाऱ्या प्रोग्रॅममध्ये, छाटणी (बघण्याची गरज नसलेल्या चाली न तपासता सोडून देणं) बसवून आठ महिने झाले. मशीन जुना लॅपटॉप, मैदान परळच्या घराची गॅलरी, परीक्षक बाबा.

छाटणीची पहिली रीत अल्फा-बीटा. तिच्याबद्दल तक्रार शून्य. आपल्या एखाद्या चालीला समोरच्याकडे एक सणसणीत उत्तर सापडलं की तिची बाकीची उत्तरं बघायचीच नाहीत. निकाल तोच येतो, कष्ट वाचतात. मधल्या डावात दर वेळी साधारण ३५ चाली धरल्या तर चार पातळ्यांना (एक पातळी म्हणजे एका बाजूची एक चाल) पंधरा लाख शेवटच्या स्थिती होतात. चालींचा क्रम अचूक असेल तर त्यातल्या २,४४९ पाहून भागतं. हे गणित क्नूथ आणि मूर या संगणकशास्त्रज्ञांनी १९७५ सालीच मांडलं. पण 'क्रम अचूक असेल तर' यातच मेख आहे. पहिले दोन महिने मी चाली येतील तशा तपासत होतो आणि वर छाटणीलाच शिव्या घालत होतो. मारामारीच्या चाली पुढे घेतल्या, त्यातही प्याद्याने वजीर मारणं सगळ्यात आधी, आणि इंजिन तेवढ्याच वेळात दोन पातळ्या खोल जायला लागलं.

यादीतल्या शेवटच्या चाली उथळ बघण्याची युक्तीही ठेवली आहे. अधूनमधून एखादी शांत, छान चाल निसटते. चालतं.

छाटणीच्या दुसऱ्या रीतीने, नल मूव्हने, मात्र घात केला. आपली चाल सोडून दिली तरी आपलंच बरं चाललंय असं दिसलं, तर त्या स्थितीच्या पुढचं सगळं न बघता छाटायचं. बहुतेक डावांत हे झकास चालतं. पण त्या संध्याकाळी बाबांचा पांढरा राजा डी४ वर, प्यादं ई४ वर आणि इंजिनचा काळा राजा ई६ वर होता. चाल इंजिनची. डी६ वर समोर उभं राहिलं की बरोबरी. हे महाशय ई७ वर गेले. बाबा ई५ वर आले आणि संपलं. आता बाबांना हलावं लागलं असतं तर बरोबरी, इंजिनला हलावं लागलं तर हार, आणि हलायचं इंजिनला होतं. त्याच्या हिशेबात मात्र 'चाल सोडली तर' सगळं ठीकच होतं!

"अरे, राजासमोर राजा उभा करायचा, एवढंसुद्धा शिकवलं नाहीस?"

दुरुस्ती एका ओळीची: ज्याची चाल आहे त्याच्याकडे फक्त राजा आणि प्यादी असतील तर नल मूव्ह बंद. बाबांना हे सांगितलेलं नाही. ते अजून भराभर वजिराला वजीर मारून डाव प्याद्यांवर आणायला बघतात.