नव्या घराची बाग: माती विकत आणायची की आहे तीच सुधारायची?

नाशिकमध्ये पाथर्डी फाटा असो की म्हसरूळ, नव्या रो-हाउसचा ताबा मिळतो तेव्हा बागेच्या नावाने जे सोडलेलं असतं त्याला माती म्हणणं धाडसाचंच. वर मुरूम, त्यात विटांचे तुकडे, सिमेंटचा वाळलेला माल, टाइल्सच्या कपच्या. खाली जेसीबी-डंपर फिरून घट्ट दबलेला थर. "चार ट्रॉल्या लाल माती टाका, काम संपलं," हा सल्ला लगेच मिळतो. देणारा बहुतेकदा ट्रॉलीवालाच असतो.

आधी फूटभर खोल खड्डा खणा. पहार लागेल. तळाशी काळी माती लागली तर नशीब. नुसता मुरूम किंवा कातळ लागला तर हिशेब वेगळा. खड्डा पाण्याने भरा, जिरला की पुन्हा भरा. दुसऱ्या दिवशीही पाणी उभंच असेल तर निचरा नाही. पांढरट खड्यांवर लिंबू पिळा. फसफसले तर चुना आहे. आपल्या काळ्या मातीत चुनखडी मुळातच असते. त्यात सिमेंटची भर पडली की सामू (पीएच) आणखी चढतो आणि जमिनीत लोह असूनही झाडाला मिळत नाही. गुलाब-जास्वंदाची कोवळी पानं पिवळी आणि शिरा तेवढ्या हिरव्या, हे त्याचंच लक्षण.

विकतच्या मातीचा फायदा एकच, पण मोठा: वेळ वाचतो. आठवड्यात लॉन लावता येतं. 500 चौरस फुटांवर सहा इंचांचा थर म्हणजे 250 घनफूट, अडीच ब्रास. भाव ब्रासवर ठरवा. ट्रॉली कुणाची केवढी, याला धरबंध नसतो. लाल माती निचऱ्याला बरी, पण शेणखताशिवाय तिच्यात कस फारसा नसतो. शेतातली काळी आणलीत तर लव्हाळा या तणाच्या गाठी फुकट येतात, आणि त्या पुढची कित्येक वर्षं निघत नाहीत. शिवाय खालचा दबलेला थर न फोडता वर माती ओतली, तर पावसाळ्यात पाणी तिथेच अडून मुळं कुजतात. म्हणजे खणण्याची मजुरी काही चुकत नाही.

मग ती मजुरी देऊन आहे तीच माती का सुधारू नये? फूटभर खणा, राडारोडा चाळून काढा, दोन-तीन इंच शेणखत मिसळा. कच्चं शेण नको, हुमणी (मुळं खाणारी अळी) येते. चांगलं कुजलेलं खत चहाच्या चोथ्यासारखं मोकळं असतं, शेणाचा वास येत नाही. जूनच्या पावसावर हिरवळीच्या खतासाठी ताग पेरा, गुंठ्याला साधारण अर्धा-पाऊण किलो बी. दीड महिन्यात फुलावर येऊ लागला की कापून मातीत गाडा आणि तीन-चार आठवडे कुजू द्या. दसऱ्याच्या सुमारास लागवड करता येते. पाणी साचत असेल तर तागाऐवजी धैंचा. चिकट मातीत थोडीशी वाळू घालायचा मोह टाळा, त्याने ती मोकळी होत नाही. दुकानदार जिप्समही गळ्यात मारतो. ते चोपण, म्हणजे सोडियम वाढलेल्या जमिनीचं औषध आहे, चुन्याचं नाही. नाशिकच्याच यशवंतराव चव्हाण मुक्त विद्यापीठाच्या कृषी विज्ञान केंद्रात विचारून माती परीक्षण करून घेतलंत, तर असे बरेच पैसे वाचतील.

खाली कातळच असेल तर वाद मिटला: विटांचे सव्वा फूट उंच वाफे, विकतची माती आणि भरपूर शेणखत. भाजीला उत्तम. फक्त एप्रिल-मेमध्ये ते झपाट्याने सुकतात, म्हणून वर पाचटाचं जाड आच्छादन हवंच.

माझं मत विचाराल तर, खाली काळी माती असेल आणि एक पावसाळा थांबायची तयारी असेल तर ट्रॉली बोलावू नका. वास्तुशांतीआधी हिरवळ हवीच असेल तर दर्शनी पट्ट्यापुरती लाल माती आणा, तीही खालचा थर फोडून. मागच्या अंगणात ताग पेरा. पेरू, सीताफळाचं मात्र कुठल्याच पर्यायात वरच्या थरावर भागत नाही. त्यांच्यासाठी दोन-दोन फुटांचे खड्डे उन्हाळ्यातच खणून तापू द्या आणि पावसाच्या तोंडावर शेणखत घातलेल्या मातीने भरा.