घसरगुंडी बघून कॅम्पग्राउंड बुक करू नका: काही महिने तंबूत राहिल्यावरचा अनुभव

गेले काही महिने गाडी काढून लांब कुठेही गेलो की मुक्काम कॅम्पग्राउंडवरच, म्हणजे जिथे तंबू लावायला जागा भाड्याने मिळते तिथे, असं आमचं चाललंय. आम्ही म्हणजे मी, नवरा, मोठी लेक, रात्री एकदा तरी शू म्हणून उठवणारा धाकटा, आणि सासूबाई. आधीच सांगते, परत जाणार का? जाणार. पण ज्या जाहिराती बघून लोक बुकिंग करतात ना, त्यात कामाची माहिती जवळजवळ नसतेच. फॅमिली-फ्रेंडली लिहिलं की खाली घसरगुंडी, स्विमिंग पूल, सायकली, मुलांसाठी खेळ, सगळं दिवसाचं. दिवस कुठेही जातो हो, पोरांना एक काठी आणि थोडी माती दिली तरी तीन तास निघतात. प्रश्न रात्रीचा असतो आणि रात्रीबद्दल त्या पानावर एक ओळ नसते.

तर मी आता बुकिंग करताना सगळ्यात आधी नकाशा उघडते आणि संडास-बाथरूमचा ब्लॉक कुठे आहे ते बघते. अगदी शेजारची जागा घ्यायची नाही, तिथे रात्रभर दिवा चालू, दार आपटतं, लोकांच्या चपला फटक फटक करत जातात, शिवाय ओल्या दिवसात वास. पण लांबही नको, कारण रात्री दोन वाजता झोपाळलेल्या पोराला उचलून सासूबाईंचा हात धरून चालायचं असतं आणि तेव्हा दोनशे मीटर हे फार अंतर आहे. मधे दोन-तीन जागा सोडून, वाट सपाट, पायऱ्या नाहीत अशी मिळाली तर बाकी काही नसलं तरी मी घेते. मग कचऱ्याचे मोठे डबे कुठे आहेत, मोटरहोमवाले, म्हणजे गाडीतच घर करून फिरणारे, सांडपाण्याची टाकी रिकामी करतात ती जागा कुठे आहे, आणि गेट कुठे आहे हे बघायचं, गेटजवळ रात्री उशिरा येणाऱ्या प्रत्येक गाडीचे हेडलाइट तुमच्या तंबूवर पडतात. खेळायच्या जागेला लागून असलेल्या जागा सगळ्यात आधी भरतात, मला ते कळतच नाही, कारण तिथे सकाळी सहाला दुसऱ्यांची पोरं झोपाळ्यावर असतात आणि आपलं पोर ते ऐकून उठतं.

खोलगट जागा फोटोत फार छान दिसते, ओढ्याच्या कडेची वगैरे. थंड हवा जड असते, ती रात्री उतरून खालीच साठते, त्यामुळे तीच जागा वरच्या जागेपेक्षा जास्त गार आणि जास्त दमट, डास तर आहेतच. आणि पाऊस आला की पाणी कुठे जाणार ते वेगळं सांगायला नको. झाडाखाली घ्यावं का यावर आमच्या घरात वाद आहे, नवऱ्याला सावली हवी कारण सकाळचं ऊन सरळ तंबूवर आलं की आत भट्टी होते आणि आठच्या पुढे झोपणं शक्य नसतं, मला वाटतं पाऊस थांबला तरी झाड पुढे तासभर ठिबकत राहतं, वर चिकट डिंक आणि पक्ष्यांची कृपा. मधला मार्ग म्हणजे पूर्वेला झाड असावं पण डोक्यावर नसावं. वर वाळकी फांदी लटकत असेल तर मात्र वाद नाही, जागा बदलून मागायची.

आवाजाचं म्हणाल तर रात्री १० ते सकाळी ६-७ शांतता पाळा असा नियम बहुतेक ठिकाणी असतो, पण तो पाळून घेतात का हा खरा मुद्दा. लोकांचे अभिप्राय वाचताना मी तेवढंच शोधते, की रात्री कोणी कर्मचारी फेरी मारतो का. जिथे मारतो तिथे आम्ही झोपलो, जिथे ऑफिस संध्याकाळी बंद करून सगळे घरी जातात तिथे जनरेटर आणि स्पीकर. आणि एक छोटी गोष्ट, गाडी रिमोटने लॉक करताना जो पीप होतो ना, तो रात्री एकला अख्ख्या कॅम्पग्राउंडला ऐकू जातो. रात्री लागणाऱ्या वस्तू आधीच काढून ठेवायच्या, गाडी दहानंतर उघडायचीच नाही.

आता तंबू. आमचा सहा जणांचा म्हणून विकलेला आहे, पाच जणांना कसाबसा पुरतो. ते जण मोजताना माणशी साधारण ५०-६० सेंटीमीटर रुंदी धरतात, म्हणजे खांद्याला खांदा लावून सगळे आडवे, बॅगा ठेवायला शून्य जागा. मुलं असतील तर माणसं अधिक दोन असा हिशोब धरा. आत उभं राहता येणं ही चैन वाटायची मला, पण सासूबाईंना वाकून आत शिरणं आणि रांगत बाहेर येणं जमत नाही आणि पोराचे ओले कपडे बदलायचे तर आपल्यालाही जमत नाही, तेव्हा उंच तंबूच घ्या. मात्र उंच तंबू वाऱ्यात जास्त हलतो, म्हणून बाजूच्या दोऱ्या शोभेला आहेत असं समजू नका, हवा छान असली तरी संध्याकाळीच सगळ्या ताणून टाका. बरोबर ज्या बारीक खुंट्या येतात त्या पहिल्या खडीच्या जागेवर वाकल्या. कॅम्पग्राउंडवर बऱ्याचदा जमीन दाबून खडी टाकलेली असते, तिथे जाड पोलादी खिळ्यासारख्या खुंट्या आणि हातोडा लागतो, वाळूत उलट रुंद पात्याच्या खुंट्या लागतात. आम्ही दोन्ही ठेवतो. दोऱ्यांना रात्री दिसतील अशा चमकणाऱ्या पट्ट्या बांधल्यात, नाहीतर पोरं अडखळून पडणारच.

पावसाबद्दल, कापडावर मिलिमीटरमध्ये एक आकडा दिलेला असतो, तो म्हणजे कापडावर पाण्याचा किती उंच स्तंभ उभा केला तर पाणी आत झिरपायला लागतं. १५०० मिमीपासून पुढे साधारण वॉटरप्रूफ धरतात. वरच्या कापडाला तेवढं चालतं, पण तळाचा आकडा जास्त हवा, कारण तळावर आपण गुडघा टेकतो, हाताचं कोपर टेकतो, त्याचा दाब पावसाच्या थेंबापेक्षा कितीतरी जास्त. आणि तळाखाली जादा ताडपत्री घालत असाल तर ती तंबूच्या बाहेर डोकावू देऊ नका, दुमडून आत घ्या, नाहीतर पावसाचं पाणी त्यावर पडून सरळ तुमच्या खाली येतं.

पण सकाळी आतून जे ओलं दिसतं ते दर वेळी गळतीच असते असं नाही! आमच्या शेजारच्या जागेवर एका जोडप्याने नवा तंबू परत करायची तयारी केली होती. पाच माणसं रात्रभर श्वास सोडतात, ती वाफ गार कापडाला लागून पाणी होतं, बस. उपाय ऐकायला उलटा वाटतो, थंडीतही तंबूची हवा जायची वरची आणि खालची झडप उघडी ठेवायची म्हणजे दमट हवा निघून जाते. दोन थरांचा तंबू असला की ते पाणी बाहेरच्या थरावर जमतं, अंगावर ठिबकत नाही. ओले टॉवेल मात्र आत वाळत घालायचे नाहीत, घरात कोणी ऐकत नाही तरी मी दर वेळी सांगते.

थंडीचं सगळ्यात मोठं कारण खालची जमीन आहे, वरचं पांघरूण दोन नंबरला. हवा भरायची गादी घेतली की झोपायला मऊ, पण पहाटे पाठ बर्फ, कारण आतली मोकळी हवा फिरते आणि शरीराची उष्णता जमिनीकडे नेते. शिवाय रात्री हवा गार झाली की आतला दाब उतरतो, गादी ढिली पडते आणि लोक पंक्चर शोधत बसतात. मॅटवर आर-व्हॅल्यू म्हणून आकडा असतो, उष्णता किती अडवते त्याचा, जितका जास्त तितकी ऊब. साध्या हवेच्या गादीचा बहुतेक १ च्या आसपास किंवा खाली, जाड फोमच्या मॅटचा २ च्या आसपास. चांगली गोष्ट अशी की एकावर एक ठेवल्या की आकड्यांची बेरीज होते, त्यामुळे नवीन महाग गादी न घेता खाली फोमचे मॅट टाकले आणि पहाटेची कुरकुर बंद. सासूबाईंसाठी फोल्डिंग खाट घेतली, उठायला बसायला उत्तम, पण खाटेखालून गार हवा वाहते म्हणून तिच्यावरही फोम लागतोच. स्लीपिंग बॅगवर दोन-तीन तापमानं लिहिलेली असतात, त्यातलं कम्फर्टचं बघा. लिमिट आणि एक्स्ट्रीम विसरून जा, एक्स्ट्रीम म्हणजे जिवंत राहण्याचा आकडा, झोपेचा नाही. हे आकडे मोठ्या माणसाच्या मापावर काढलेले असतात आणि लहान मुलं लवकर गार पडतात, म्हणून धाकट्याला एक थर जादा, कानटोपी, आणि झोपायच्या आधी कोरडे मोजे. दिवसभर घातलेले मोजे कोरडे वाटले तरी घामाने दमट असतात.

थंडी वाजते म्हणून शेगडी किंवा निखारे तंबूत आणायचे नाहीत, म्हणजे नाहीत, पुढच्या पडवीत पण नाहीत. कार्बन मोनॉक्साइडला रंग नाही, वास नाही, आणि कोळसा विझल्यासारखा दिसला तरी तो वायू सोडत राहतो. चेन उघडी ठेवली म्हणजे चालतं असं म्हणणारे भेटतात, त्यांचं ऐकू नका. विजेचा पॉइंट असलेली जागा मिळाली तर छोटा हीटर झोपायच्या आधी थोडा वेळ लावून बंद करता येतो, पण आधी किती अँपियर आहे, म्हणजे किती वीज ओढता येते, ते विचारा. २३० व्होल्टवर ६ अँपियर म्हणजे १३८० वॉट, तिथे २००० वॉटची किटली लावली की फ्यूज उडाला, आणि रात्री ऑफिस बंद असेल तर सकाळपर्यंत अंधार.

शेकोटीबद्दल जास्त लिहीत नाही, सगळ्यांना आवडते. फक्त विझवताना वाळू टाकू नका, वाळूखाली निखारे तासन् तास गरम राहतात आणि सकाळी अनवाणी पोरगं त्यावर पाय देतं. पाणी ओता, ढवळा, परत ओता, हाताची मागची बाजू जवळ नेऊन बघा. लाकूड तिथलंच घ्या, घरून नेलेल्या लाकडातून झाडांची कीड एका भागातून दुसऱ्या भागात जाते. खाण्याचं सामान रात्री तंबूत नको, आणि त्यात टूथपेस्ट, साबणही आलं, प्राण्यांना वास सगळ्याचाच येतो. ते गाडीत ठेवायचं की तिथल्या लोखंडी पेटीत, हे तिथल्या नियमाप्रमाणे, कारण अस्वलं असलेल्या काही भागांत गाडीही पुरत नाही.

बाथरूम! सकाळी आठ-नऊला गरम पाणी संपतं आणि रांग असते, आम्ही आता दुपारी चार वाजताच पोरांच्या अंघोळी उरकतो, पाणी कढत आणि गर्दी शून्य. एका ठिकाणी दिवा हालचालीवर चालणारा होता, सेन्सर दारापाशी आणि आपण पडद्याआड, डोक्याला साबण लावला की अंधार गुडुप. मी तिथे एक हात पडद्याबाहेर काढून हलवत अंघोळ केली आहे. तेव्हापासून हेडलॅम्प अंघोळीलाही बरोबर. हेडलॅम्प लाल दिव्याची सोय असलेला घ्या, रात्री पोराला नेताना बाकीचे जागे होत नाहीत, आणि अंधाराला सरावायला डोळ्यांना वीस-तीस मिनिटं लागतात ती पांढऱ्या उजेडाने एका क्षणात वाया जातात. आमच्या लेकीला तारे बघायचं वेड लागलंय, ती आता आम्हालाच फोन बंद करा म्हणून ओरडते.

रोड ट्रिपमध्ये एका रात्रीचा मुक्काम तंबूत करायचा का? माझं मत स्पष्ट आहे, नाही. तंबू लावणं, गाद्या भरणं, सकाळी सगळं गुंडाळणं, यात प्रवासाचा अर्धा दिवस जातो आणि पोरं गाडीत आधीच वैतागलेली असतात. एका रात्रीसाठी त्याच आवारातली लाकडी केबिन घ्यावी, आणि तंबू जिथे किमान दोन रात्री थांबणार तिथे. आणि काहीही करून उजेड असताना पोचा. बुक केलेली जागा उतारावर आहे, शेजारी मोठा ग्रुप आहे, हे दिवसा कळलं तर ऑफिसमध्ये बोलून बदलता येतं.

इतके महिने वापरून सामानाची स्थिती सांगते. तंबूचं कापड ठीक आहे, वरच्या बाजूला उन्हाने रंग थोडा उडालाय. ओला गुंडाळून घरी आणायची वेळ बऱ्याचदा येते, सकाळी दव असतंच, पण घरी आल्यावर त्याच दिवशी पसरायचा, दोरीवर, दारावर, सोफ्यावर, जिथे जमेल तिथे. दमट ठेवला तर बुरशी धरतेच, शिवाय आतल्या बाजूचा पॉलियुरेथेनचा थर हळूहळू चिकट होऊन सुटायला लागतो आणि तो मग परत जागेवर येत नाही. गाद्यांपैकी एक शिवणीपाशी फुगली, ती बाद. खाट अजून मजबूत. सगळ्यात आधी बिघडली ती दाराची चेन, वाळू आणि पोरांची ओढाताण यामुळे स्लायडर ढिला पडतो, मागे दात उघडेच राहतात आणि डास आत. नवऱ्याने पकडीने स्लायडरच्या दोन्ही बाजू हलकेच दाबल्या तर परत चालायला लागली, पण असं फार वेळा करता येत नाही, धातू तुटतो, म्हणून पुढच्या वेळेआधी नवीन स्लायडर बसवून घेणार आहे.