थायरॉइड: अर्धी काढायची की पूर्ण?

गाठ एकाच बाजूला असेल आणि सुईच्या तपासणीत निदान पक्कं होत नसेल, तर बहुधा अर्धी ग्रंथी काढणं पुरतं. चार सेंटिमीटरपर्यंतच्या, बाहेर न पसरलेल्या पॅपिलरी कॅन्सरलाही (थायरॉइडच्या कॅन्सरचा सर्वांत नेहमीचा प्रकार) ते अनेकदा चालतं. दोन्हीकडे मोठ्या गाठी असतील किंवा पुढे रेडिओआयोडीन (उरलेल्या थायरॉइड पेशी मारणारं किरणोत्सर्गी आयोडीन) द्यायचं असेल, तर पूर्ण.

खरा फरक घरी आल्यावर कळतो. अर्धी काढली की उरलेला भाग बहुतेकांचं भागवतो. तरी सहा-आठ आठवड्यांनी टीएसएच (थायरॉइड पुरेसं काम करतेय का ते सांगणारी रक्ततपासणी) तपासावाच, काहींना थायरॉइड हार्मोनची गोळी लागते. पूर्ण काढली तर गोळी जन्मभर: किलोमागे साधारण 1.6 मायक्रोग्रॅम, म्हणजे 60 किलोला 100च्या आसपास. उपाशीपोटी, चहाच्या अर्धा-पाऊण तास आधी. कॅल्शियम त्यानंतर चार तासांनी, नाहीतर गोळी नीट शोषली जात नाही. सोलापूरच्या उन्हाळ्यात बाटली पत्र्याखालच्या फळीवर नको, उष्णतेने औषधाचा जोर कमी होतो.

रक्तातलं कॅल्शियम घसरण्याचा घोळ मात्र मुख्यतः पूर्णमध्ये. थायरॉइडला चिकटलेल्या, कॅल्शियम सांभाळणाऱ्या चारही पॅराथायरॉइड ग्रंथींचा रक्तपुरवठा दुखावू शकतो. दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी ओठांभोवती, बोटांत मुंग्या आल्या तर लगेच डॉक्टरांना कळवा. हात आखडू लागले तर थेट सिव्हिल गाठा. अर्धीत दुसऱ्या बाजूच्या ग्रंथी आणि आवाजाची नस शाबूत राहते.

मान फुगून श्वास अडकणं दोन्हीत संभवतं, मुख्यतः पहिल्या 24 तासांत. म्हणून रात्रभर दवाखान्यात राहावं. कडक भाकरी-शेंगाचटणी आठवडाभर बाजूला, मऊ भात बरा.